पिशवीवर नाव कुणाचं?

मी मनोविकार वॉर्डात चौदा वर्षं सिस्टर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना "हिला एवढंही कळलं नाही?" असं तुम्हाला वाटणार. मलाही तेच वाटतं. वर्ष होत आलं, तरी अजून कधीतरी भाकरी थापताना हात थांबतो आणि वाटतं, अगं, तुला एवढंही कळलं नाही?

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ते ट्रस्टचं आहे, कुडाळच्या बाजूला. घर देवबागला, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. घरात नवरा प्रकाश, तो होडीतून पर्यटकांना फिरवतो. सासू, त्यांना मी आये म्हणते. पाचवीतली मुलगी ईशा. आणि मागच्या दोन खोल्यांत पैसे देऊन राहणारे, येतेजाते पाहुणे. माणसाच्या चेहऱ्यावरून वैजूला सगळं कळतं, अशी वाडीत माझी ख्याती आहे. ती बरीचशी मीच पसरवलेली आहे.

तो रविवार

पाहुणे पुण्याचे होते. सहा जण, जेवणाला सुरमई सांगितलेली. दहाच्या सुमाराला आये मागच्या पडवीत मासे घेऊन बसल्या आणि त्यांना विळी सापडेना.

"वैजू, आडाळी खंय गो?" आडाळी म्हणजे विळीच.

"आसात थंयच," मी आतून म्हटलं.

थोड्या वेळाने परत हाक आली. "दोर पण नाय विहिरीचो."

आमच्याकडे पंप बसवून दोन वर्षं झाली, पण पिण्याचं पाणी आये हाताने ओढूनच घ्यायच्या. पंपाचा पाणी आंघोळीक, हातचा पाणी पोटाक, हा त्यांचा कायदा. तापाने फणफणल्या असतानाही त्यांनी तो मोडला नव्हता. त्यामुळे दोर नाही म्हणजे घरात पाणीच नाही. मग कळलं की त्यांच्या बी.पी.च्या गोळ्यांची पाकिटंही जागेवर नाहीत.

"घरात चोर इलो काय?" आये म्हणाल्या. "पण चोर आडाळी कित्याक नेतलो?"

ईशा हसली. मीही हसले. हसत हसतच खुर्ची ओढली, वर चढले आणि माळ्यावरच्या तांदळाच्या डब्यामागे हात घातला. मी शोधाशोध केली नाही, आठवूनही पाहिलं नाही. हात सरळ तिथेच गेला आणि निळ्या चौकड्यांची एक पिशवी घेऊन खाली आला.

ती पिशवी वॉर्डातली. आमच्याकडे नवीन रुग्ण दाखल झाला की त्याच्याजवळच्या काही वस्तू आम्ही काढून घेतो आणि अशा पिशवीत घालून ठेवतो. घरी काय काय कुलपात ठेवायचं, तेही नातेवाइकांना समजावून सांगतो. ती यादी इथे देत नाही, तिचं इथे काम नाही. हे काम मी डोळे मिटून करू शकते. ही पिशवी जुनी झाली म्हणून भाजी आणायला मी घरी आणली होती. तिच्यावर शिवलेली पांढरी पट्टी तशीच होती: रुग्णाचे नाव, आणि खाली जमा करून घेणारी परिचारिका. पिशवीच्या तोंडाला आम्ही मारतो ती दुहेरी गाठ होती.

आत विळी, दोर आणि गोळ्या होत्या. अजून दोन वस्तू होत्या, ज्यांची घरात कुणी अजून चौकशीही केली नव्हती.

मी झोपेत चालले नव्हते की अंगात काही आलं नव्हतं. एकेक वस्तू ठेवल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. विळी मंगळवारी उचलली, ईशाच्या पायाला लागेल म्हणून. दोर उचलला तो कुजत आलाय, नवा आणू म्हणून. गोळ्यांना दमट हवा लागेल म्हणून. प्रत्येक कारण अगदी रास्त होतं. ती सगळी कारणं मी एका ठिकाणी मांडून कधी बघितली नव्हती.

आयेंचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "रुग्णाचे नाव." मग माझ्याकडे बघितलं. "नाव खंय आसा?"

"आपल्या घरात कोण रुग्ण आसा?" मी म्हटलं.

"मगे कोणासाठी बांधलंस गो बाय?"

भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. मी त्या गाठीकडे बघत राहिले. माझ्यातल्या सिस्टरने रुग्ण ओळखला होता, घर आवरलं होतं, गाठसुद्धा मारली होती. फक्त मला कळवायचं राहिलं होतं.

आयेंनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि मासे कापायला शेजारी पाठवले. पाहुणे दीड वाजता जेवले. सोलकढी मीच वाढली. सुरमई छान झाली होती असं ते म्हणाले.

त्याच्या आधीचं

आमच्या वॉर्डात सव्वीस वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव आणि गाव लिहिणार नाही. महिनाभर राहून ती बरी होऊन घरी गेली. जाताना तिच्या कागदांवर, आता धोका नाही, अशा सगळ्या खुणा मी केल्या होत्या. बाराव्या दिवशी सकाळी फोन आला, तिने जीव दिला.

असं झालं की आमच्याकडे एक पद्धत होती. ती कुणी ठरवलेली नव्हती, पण सगळ्या पाळायच्या. कुणीतरी म्हणायचं, "चला, चहा घ्या." चहा व्हायचा. फाइल खाली रेकॉर्डच्या खोलीत जायची. त्या माणसाचं नाव परत कुणी काढायचं नाही. यात दुष्टपणा नव्हता. एक रडली तर सगळ्याच रडतील आणि वॉर्ड कोण बघणार, एवढीच धास्ती होती. त्या दिवशी अकरा वाजता गोळ्या मी वाटल्या. एकही चुकली नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटला होता. आता आठवलं की लाज वाटते.

मग झोप तुटायला लागली. बसमध्ये बसलं की आपला थांबा येऊच नये असं वाटायचं. माशाला चव लागेना. बांगड्याची तकली, म्हणजे डोकं, चोखून चोखून खाणारी मी. आमच्याकडे तकलीवरून भांडण व्हायचं ते माझ्यामुळेच. ती मी ताटात तशीच सोडायला लागले. आयेंनी ते पहिल्याच दिवशी बघितलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

आणखी एक सांगायचंय, ते सांगताना जीभ अडखळते. वर्षातून एकदा आम्हा सिस्टरांना आमच्या मनाच्या प्रकृतीचा एक फॉर्म भरावा लागायचा. किती गुणांच्या वर गेलं की बोलावणं येतं, ते आम्हाला पाठ. रोज आम्हीच तर तो रुग्णांकडून भरून घेतो. मी दरवर्षी रेषेच्या दोन गुण खाली राहील असा भरायचे. अगदी शून्य टाकलं तर संशय येतो. नवीन मुलींनाही मी हसत हसत शिकवलं होतं, कुठे एक टाकायचा आणि कुठे दोन. त्या फोननंतर महिन्याभराने तो फॉर्म आला, तेव्हाही मी तसाच भरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

प्रश्न

सोमवारी मी ड्युटीचा युनिफॉर्म चढवला. जाऊन इन्चार्ज सिंधू सिस्टरना सांगू, औषध लिहून घेऊ आणि दुपारी काम करू, असा माझा बेत होता. बाहेर आले तर आये लुगडं नेसून तयार.

"तू खंय चललंस?"

"तुझ्यावांगडा," त्या म्हणाल्या. बरोबर येतेय म्हणून. काखेत ती पिशवी, रिकामी, घडी घातलेली.

वॉर्डात पोचल्यावर आयेंनी पिशवी सिंधू सिस्टरांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "ह्या आमच्या माळ्यार गावला. हिनाच बांधलेला." सिंधू सिस्टरांची वीस वर्षं सर्व्हिस. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून दार लावून घेतलं.

डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "वैजयंती, जीव द्यावा असा विचार मनात येतो का?"

हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल त्याची गणती नाही. असाच विचारायचा, सरळ, नजर न चुकवता, असं नवीन मुलींना शिकवतेसुद्धा. पण चौदा वर्षांत तो मला कुणी विचारला नव्हता. उत्तर तयार होतं: नाही हो मॅडम, थकवा आलाय थोडा. आणि तोंडातून आलं, "हो."

कोण बोललं ते बघायला मी मान वळवली. शेजारी आये होत्या. त्या खालच्या लाद्यांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हाताने माझ्या युनिफॉर्मची बाही घट्ट धरली होती.

मॅडम म्हणाल्या, गोव्याला किंवा कोल्हापूरला व्यवस्था करते, जिथे तुला कुणी ओळखत नाही. मी म्हटलं, इथेच. लोक याला धीर म्हणतात, पण तसं काही नव्हतं. दुसरीकडे मी सगळ्यांना सहज फसवलं असतं. इथल्या मुली माझ्याच हाताखाली शिकलेल्या, माझ्या युक्त्या ओळखणाऱ्या.

सिंधू सिस्टरांनी पिशवी माझ्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं. "नाव तू लिही." मला वेळ लागला. त्या थांबल्या. मी लिहिलं, खालच्या ओळीवर त्यांनी सही केली. मी युनिफॉर्ममध्येच ॲडमिट झाले.

तोंड उघडा, सिस्टर

पहिल्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? गोळी जिभेखाली दाबून ठेवली. हो, मीच. का केलं ते आजही नीट सांगता येत नाही. ड्युटीवरची मुलगी तेवीस वर्षांची, माझं तोंड तपासायला ती लाजली. मी वळले. रांगेत माझ्या मागे पार्वती काकी होत्या, रेडी गावच्या, वर्षा-दोन वर्षांनी आमच्याकडे येणाऱ्या.

"सिस्टर, तोंड उघडा," काकी म्हणाल्या. अगदी माझा सूर, माझ्यासारखाच कमरेवर हात. "जीब वर करा. आमका रोज करूक लावतास मा?"

रांग हसली. ती तेवीस वर्षांची मुलगी खाली बघून हसली. मलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यात गोळी गिळली गेली.

ज्या वॉर्डाचा कोपरान् कोपरा मला माहीत होता, तो खाटेवरून मी पहिल्यांदा पाहिला आणि सुन्न झाले. चपलांचा आवाज किती होतो. "झोप लागली का?" हे किती वेगाने विचारतात, नजर फाइलमध्ये ठेवून. माणूस "नाही" म्हणेपर्यंत सिस्टर पुढच्या खाटेवर गेलेली असते. ती लकब कुणाची, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. हजार वेळा मीच तशी पुढे गेले होते.

चौथ्या दिवशी शेवंती मावशी तेल घेऊन आली. ती आमच्या वॉर्डातली आया, माझ्याहून जुनी. केसांत बोटं घालत हळूच म्हणाली, "त्या चेडवाच्या वेळेक मी न्हाणयेत जावन रडलंय." चेडू म्हणजे मुलगी, ती सव्वीस वर्षांची.

"माका सांगूक नाय तू?"

"तुमी रडूक नाय, सिस्टर. तुमी रडूक नाय म्हणान आमी सगळी लपान रडलंव."

मी इतके दिवस समजत होते की वॉर्ड मी सांभाळला. त्या दिवशी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून जे रडले ते मोजमापाच्या पलीकडचं होतं. मावशीने तेल लावणं थांबवलं नाही.

घरची माणसं

प्रकाश तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आला आणि बसल्या बसल्या चिडला. "शेजारी इचारतत. काय सांगू? आत्याबाय म्हणता देवाक कौल लावूया."

आये त्याच्याबरोबर होत्या. "कौल मागसून लाव," त्या म्हणाल्या. "आधी गोळी."

"तू दुसऱ्यांका बरा करतस..." त्याने मला बोलायला सुरुवात केली आणि वाक्य तिथेच मोडलं. डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "बाजूक निजतंय मी. बाजूक निजतंय आणि माका कळूक नाय."

राग त्याचा होता तो हा. मी त्याला म्हटलं, माकाच कळूक नाय, तुका कसा कळतला? तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी परत आला. अकरा दिवस रोज आला, होडी बंद ठेवून.

ईशाला खरं सांगायचं ठरलं. आईच्या मनाला आजार झालाय, औषध चालू आहे, बरी होईल. तिने विचारलं, "मनाक सलाईन लावतत?" नाही म्हटल्यावर तिला जरा फसवल्यासारखं वाटलं असावं.

औषधाने तोंड सुकायचं, दुपारी डोळे मिटायचे, आणि पहिले काही आठवडे मनाला काडीचा फरक नाही. "धीर धरा, लागू पडायला वेळ लागतो," हे मी किती सहज बोलायचे. तो वेळ किती लांब असतो ते आता कळलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कुणी आज त्या आठवड्यांत असेल तर एवढंच सांगते: जे मनात येतंय ते घरातल्या एकाला आजच सांगा, नीट वाक्य जुळायची वाट बघू नका. मला तर वाक्यही जुळलं नव्हतं, पिशवीने सांगितलं.

शेवटची ओळ

तीन महिन्यांनी मी कामावर परतले, सुरुवातीला अर्धी ड्युटी. पहिल्याच मीटिंगमध्ये फॉर्मचं सांगून टाकलं, मी कसा भरत आले आणि कुणाकुणाला शिकवलं ते. वाटलं, बोलणी बसतील. पण मॅडमनी एकेकीकडे बघितलं आणि एकेकीने मान खाली घातली. सगळ्या जणी रेषेच्या खाली, दोन-दोन गुणांनी.

तेव्हापासून ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला वॉर्ड सोपवतो, त्या वहीत एक ओळ वाढली आहे. एक नंबर खाट कशी आहे, दोन नंबर कशी आहे, असं सांगत जायचं आणि शेवटी स्वतःचं सांगायचं. "बरं आहे" चालत नाही. ऐकणारीने वही मिटायची आणि तोंडाकडे बघायचं. आणि कुणी रुग्ण गेल्याची बातमी आली तर त्या वेळच्या गोळ्या शेजारच्या वॉर्डाची सिस्टर वाटते. आम्ही सामानाच्या खोलीत दार लावून बसतो. जिला रडायचंय ती रडते. गेलेल्या माणसाचं नाव घेतो.

पहिल्या दिवशी सुरुवात कोण करणार? सिंधू सिस्टर उभ्या राहिल्या. "काल घरी जाऊन दोन तास भिंतीकडे बघत बसले. जेवले नाही." वीस वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल बोललेलं ते पहिलं वाक्य. तेवढ्यात मागून शेवंती मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" देवळात गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे साथ देतात, तशी. सगळ्यांचा बांध फुटला, हसण्याचा आणि दुसराही. आता ती आमची रीतच झाली आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकच सिस्टर आणि वॉर्ड भरलेला, असे दिवस येतात. तेव्हा ती ओळ कोरी राहते. पण कोरी राहिली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं.

दोर

घरी आल्यावर विळी आयेंच्या खोलीत गेली होती. मासे त्याच कापायच्या, गुडघे दुखत असतानाही. गोळ्या रोजच्या रोज मला त्यांच्या हातून मिळायच्या. मला राग येत नव्हता. मी हेच नातेवाइकांना सांगते.

एक गोष्ट मात्र मला उशिरा दिसली. आठवडाभराने असेल, आये स्वयंपाकघरातल्या नळाखाली तांब्या धरून उभ्या होत्या. तांब्या भरला, त्यांनी तिथेच पाणी पिऊन टाकलं आणि औषध घेतलं. पंपाचं पाणी. मी दारातच थांबले. दोर कुठे आहे ते विचारावं लागू नये, विहिरीवर कुणी जाऊ नये, म्हणून त्यांनी आपला कायदा मोडला होता. कुणाला न सांगता.

आठ महिने असे गेले. गेल्या महिन्यात एका दुपारी जेवताना आये माझ्या ताटाकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं. बांगड्याची तकली चोखून, काटे एका बाजूला लावून झाले होते. मला पत्ताच नव्हता. आयेंनी आपल्या ताटातली तकली उचलून माझ्या ताटात टाकली आणि जेवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातून हाक मारली. "बाहेर ये गो." विहिरीवर गेले तर रहाटावर दोर चढवलेला.

"तू ओढ," त्या म्हणाल्या. "मी हंय उभी आसय."

निम्मं पाणी सांडलं. आयेंनी कळशी भरू दिली नाही, बादलीतूनच तांब्या बुडवला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. पदराने तोंड पुसलं. "आठ महिने पंपाचा पिलंय," त्या म्हणाल्या. "लोखंडासारा लागता."

एवढीच त्यांची तक्रार, आठ महिन्यांची. मग त्यांनी दोर उतरवला, नीट गुंडाळला आणि परत आपल्या खोलीत नेला. अजून तो तिथेच असतो. त्यांनी मला दिलेला नाही आणि मीही अजून मागितलेला नाही. रोज सकाळी मी विहिरीवर जाऊन उभी राहते आणि हाक मारते, आणि त्या दोर घेऊन येतात.